क्लस्टरमधलं वेब ॲप बाहेरून उघडत नाही: सर्व्हिस, इनग्रेस की आणखी काही?

पहिलीपायरी

मंडळी, कंटेनरमधलं एक वेब ॲप कुबरनेटिसवर (अनेक मशीनवर कंटेनर चालवणारी, सांभाळणारी प्रणाली) हलवलंय. ॲप नोडजेएसचं, आत ३००० पोर्टवर चालतं. क्लस्टर आमचा स्वतःचा, कुठल्याही क्लाउडवर नाही. डिप्लॉयमेंटच्या दोन प्रती (दोन पॉड), त्यांच्यापुढे क्लस्टरआयपी प्रकारची सर्व्हिस, म्हणजे त्या पॉडचा एकत्रित आतला पत्ता, आणि सगळ्यात पुढे इनग्रेस-एनजिनएक्स, बाहेरच्या विनंत्या आत वाटणारा कंट्रोलर. कंट्रोलर प्रत्येक मशीनवर होस्टच्या नेटवर्कमध्येच चालतो, म्हणजे ८० आणि ४४३ वर तोच ऐकतो.

ब्राउझरमध्ये पत्ता टाकला की ५०२ बॅड गेटवे. पोर्ट-फॉरवर्ड (आपल्या मशीनवरून पॉडला जोडणारा आदेश) केलं की मात्र ॲप झकास उघडतं! पॉड रनिंग, रेडी १/१, रीस्टार्ट शून्य. इनग्रेसचं यामल (सेटिंगची फाइल) सगळ्या बाजूंनी फिरवून पाहिलं, ढिम्म फरक नाही.

ऑफिसात जो तो वेगळं सांगतोय. एक म्हणतो सर्व्हिस लोडबॅलन्सर कर. केली, तर एक्स्टर्नल आयपीच्या रकान्यात नुसतं 'पेंडिंग'. दुसरा म्हणतो नोडपोर्ट लाव आणि मोकळा हो. तिसऱ्याचं म्हणणं इनग्रेसच बाद झालंय, त्याच्या जागी नवी पद्धत, गेटवे एपीआय घे. नक्की कुठून सुरुवात करू?

दोनस्पेस

यामलमध्ये टॅब आहे का कुठे? (मला प्रत्येक धाग्यावर हेच विचारायचं असतं.)

पहिलीपायरी

नाही हो, टॅब असता तर ॲप्लायच झालं नसतं.

रात्रपाळी

इनग्रेसचं यामल आहे तसं राहू द्या. ५०२ येतोय याचाच अर्थ विनंती इनग्रेसपर्यंत नीट पोचली, होस्टचं नाव जुळलं, पाथ जुळला, आणि मागच्या पॉडशी बोलताना गाडी अडली. यामलमधलं होस्ट किंवा पाथ चुकलं असतं तर इनग्रेस-एनजिनएक्सने ४०४ दिला असता. सर्व्हिसच्या मागे एकही तयार पॉड नसता तर ५०३. पॉडकडे जाणारी पाकिटं वाटेत कोणी गिळत असतं, उदाहरणार्थ एखादी नेटवर्क पॉलिसी, तर थोडं थांबून ५०४. आकडा बघून निम्मा शोध संपतो. लोक तो न बघताच यामल उसवायला बसतात.

एक खबरदारी मात्र घ्या. ४०४ तुमचं ॲपसुद्धा देऊ शकतं. पानाच्या तळाशी एनजिनएक्स लिहिलेलं दिसलं तर कंट्रोलरचा, तुमच्या ॲपच्या रंगरूपात आला तर ॲपचा.

आता दोन गोष्टी बघून इथे टाका. पहिली, त्या सर्व्हिसच्या एंडपॉइंटस्लाइसमध्ये, म्हणजे तिच्यामागच्या पॉडच्या पत्त्यांच्या यादीत, काय दिसतं. दुसरी, कंट्रोलरच्या लॉगमधली ५०२ च्या वेळची एरर ओळ.

पहिलीपायरी

एंडपॉइंटस्लाइसमध्ये दोन आयपी आहेत, दोन्ही पॉडचे, पोर्ट ३०००. म्हणजे सिलेक्टर (सर्व्हिसचे पॉड कुठले ते ठरवणारा) आणि टार्गेटपोर्ट बरोबर असावेत. लॉगमध्ये हे:

कनेक्ट फेल्ड (१११: कनेक्शन रिफ्यूज्ड) व्हाइल कनेक्टिंग टू अपस्ट्रीम

आणि पुढे त्याच दोनपैकी एक आयपी आणि ३०००.

कंसमामा

टार्गेटपोर्ट परत बघा. सर्व्हिसचा 'पोर्ट' आणि 'टार्गेटपोर्ट' यांच्यात गल्लत ठरलेली असते. 'पोर्ट' म्हणजे सर्व्हिसचा स्वतःचा, 'टार्गेटपोर्ट' म्हणजे पॉडमध्ये प्रत्यक्ष ऐकणारा. पॉडच्या यामलमधला 'कंटेनरपोर्ट' तर नुसता माहितीपुरता असतो. तो लिहिला म्हणून काही उघडत नाही आणि नाही लिहिला म्हणून काही बंद होत नाही. पोर्टला नाव देऊन टार्गेटपोर्टमध्ये ते नाव वापरायचं असेल तर मात्र हवा.

रात्रपाळी

मामा, टार्गेटपोर्ट ठीक दिसतोय, स्लाइसमध्ये ३००० आलाय. आता इनग्रेस-एनजिनएक्सची एक सवय इथे कामाला येते. तो सर्व्हिसच्या आयपीकडे जातच नाही. एंडपॉइंटस्लाइसमधले पॉडचे आयपी उचलतो आणि थेट त्यांना जोडतो. म्हणून लॉगमध्ये पॉडचा आयपी दिसतोय. क्युब-प्रॉक्सी, आयपीटेबल्स वगैरे सर्व्हिसच्या आयपीवरची वाहतूक वळवणारी मंडळी या प्रकरणात आलेलीच नाहीत, त्यांना निर्दोष सोडा.

रिफ्यूज्ड म्हणजे पॉडच्या आयपीवर ३००० ला कोणी ऐकत नाही. आणि पोर्ट-फॉरवर्ड चालतं. या दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या असतील तर मला एकच शंका येते. पॉडच्या आत शिरून नेटस्टॅट -एलटीएन चालवा आणि ३००० च्या ओळीत डावीकडे कुठला पत्ता आहे ते सांगा.

पहिलीपायरी

१२७.०.०.१:३०००, पुढे लिसन. दोन्ही पॉडमध्ये तेच.

रात्रपाळी

सापडलं.

ॲप फक्त लूपबॅकवर, म्हणजे १२७.०.०.१ या आतल्या आतच चालणाऱ्या पत्त्यावर, ऐकतंय. पॉडचा आयपी वेगळा, त्यावर कोणी दार उघडत नाही. पोर्ट-फॉरवर्ड चालण्याचं कारण असं की ते पॉडच्या नेटवर्क नेमस्पेसमध्ये आत जाऊन तिथल्या लोकलहोस्टला जोडतं. आदेशात सर्व्हिसचं नाव दिलंत तरी त्या सर्व्हिसमधून एक पॉड निवडला जातो आणि जोडणी त्याच्या आतच होते. त्यामुळे पोर्ट-फॉरवर्डने 'ॲप जिवंत आहे' एवढंच कळतं. बाहेरच्या वाटेबद्दल ते अवाक्षरही सांगत नाही.

आता प्रश्न असा की पॉड रेडी कसा? रेडीनेस प्रोब (पॉड तयार आहे का ते बघणारी चाचणी) आहे ना? एचटीटीपीगेट असेल तर क्युबलेट (प्रत्येक मशीनवर पॉड सांभाळणारा) पॉडच्या आयपीवरच विचारतो, मग ती नापास व्हायला हवी होती.

पहिलीपायरी

प्रोब एक्झेक प्रकारची आहे. कंटेनरच्या आत डब्ल्यूगेट चालवून लोकलहोस्ट:३००० ला विचारते.

रात्रपाळी

म्हणजे प्रोबसुद्धा आतल्या आतच पास होत होती. ती एचटीटीपीगेट केली असती तर पॉड रेडीच झाले नसते, तुम्हाला ५०३ दिसला असता आणि पॉडच्या इव्हेंटमध्ये कारण लिहून आलं असतं. प्रोब ज्या वाटेने वाहतूक येणार त्याच वाटेने यावी. एक्झेक प्रोब मी वेब ॲपला शक्यतो लावतच नाही. दर वेळी कंटेनरमध्ये नवी प्रोसेस उभी राहते तो खर्च आणि वर हा असला खोटा दिलासा.

आता १२७.०.०.१ कुठून आलं ते शोधा. एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबलमध्ये बघा आधी.

शेवटचाबाक

ज्यांच्या इमेजमध्ये नेटस्टॅट नाही त्यांच्यासाठी: /प्रॉक/नेट/टीसीपी ही फाइल कॅट करा. पत्ता हेक्समध्ये आणि उलटा असतो. १२७.०.०.१:३००० तिथे ०१००००७एफ:०बीबी८ असा दिसेल, सगळीकडे ऐकत असेल तर डावी बाजू सगळी शून्यं. ऐकणाऱ्या सॉकेटच्या स्टेटच्या रकान्यात ०ए. आयपीव्ही६ वर ऐकणाऱ्यांसाठी वेगळी फाइल, टीसीपी६. आणि इमेजमध्ये शेलच नसेल तर क्युबसीटीएल डीबग वापरून शेजारी तात्पुरता कंटेनर चढवा, नेटवर्क तेच मिळतं. कुबरनेटिस १.२५ पासून हे स्थिर आहे.

निशाचरी

वाखुसाआ (वाचनखूण साठवली आहे). हेक्सवाला प्रकार नवीन कळला.

पहिलीपायरी

मिळालं. कॉन्फिगमॅपमध्ये (ॲपची सेटिंग जिथे ठेवतात तिथे) होस्ट = १२७.०.०.१ होतं. हे ॲप आधी एका साध्या सर्व्हरवर होतं, तिथे त्याच मशीनवर एनजिनएक्स पुढे बसलेला, म्हणून तिथे ते बरोबरच होतं. फाइल जशीच्या तशी इकडे आली. ०.०.०.० (म्हणजे सगळ्या पत्त्यांवर ऐक) केलं, पण अजून ५०२.

कंसमामा

कॉन्फिगमॅप बदलला तरी चालू पॉडमधली एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल्स बदलत नाहीत. क्युबसीटीएल रोलआउट रीस्टार्ट करा.

पहिलीपायरी

चाललं!! मामा, रात्रपाळी, दोघांनाही साष्टांग. प्रोबही एचटीटीपीगेट केली.

रात्रपाळी

छान. आता तुमचा मूळ प्रश्न, लोडबॅलन्सर की नोडपोर्ट की इनग्रेस. हे एकमेकांचे पर्याय आहेत असं समजून लोक भांडतात, पण हे थर आहेत. क्लस्टरआयपी फक्त आतल्यांसाठी. नोडपोर्ट म्हणजे तेच, वर प्रत्येक मशीनवर ३०००० ते ३२७६७ मधला एक पोर्ट. लोडबॅलन्सर म्हणजे साधारण नोडपोर्टच, वर बाहेरून आयपी आणून देणारा कोणीतरी. 'कोणीतरी' हे महत्त्वाचं. कुबरनेटिस स्वतः तो आयपी आणत नाही, क्लाउडचा कंट्रोलर आणतो. तुमच्याकडे क्लाउड नाही, मग पेंडिंग राहणारच, जन्मभर.

स्वतःच्या मशीनवर ते काम मेटलएलबी करतो. त्याला तुमच्या नेटवर्कमधले मोकळे आयपी द्यायचे. लेअर २ पद्धतीत एका आयपीसाठी एकच मशीन एआरपीला ('हा आयपी कोणाचा?' या प्रश्नाला) उत्तर देतं, म्हणजे त्या आयपीची सगळी वाहतूक आधी एकाच मशीनवर उतरते. ते मशीन पडलं तर दुसरं पुढे येतं. वाहतूक खरोखर वाटायची असेल तर बीजीपी (राउटरला वाटा कळवायची पद्धत), पण त्यासाठी राउटर आणि राउटर सांभाळणारा माणूस दोन्ही हवेत.

इनग्रेस या सगळ्याच्या वर, एचटीटीपी समजणारा. एकाच आयपीवर दहा ॲप होस्टच्या नावाने वाटायची तर तोच हवा, नाहीतर दर ॲपला एक लोडबॅलन्सर आणि क्लाउडवर दर लोडबॅलन्सरचं वेगळं बिल. तुमच्या कंट्रोलरने ८०-४४३ आधीच धरलेत, तर ॲपच्या सर्व्हिसला क्लस्टरआयपीच राहू द्या. लोडबॅलन्सर करून ठेवली असेल तर परत फिरवा.

उंबरठा

यात थोडी भर. मेटलएलबी लावलात आणि कंट्रोलरपुढे लोडबॅलन्सर सर्व्हिस ठेवलीत, तर ॲपच्या लॉगमध्ये सगळ्या ग्राहकांचे आयपी क्लस्टरच्या आतले दिसू लागतील. कारण वाहतूक एका मशीनवर उतरून दुसऱ्या मशीनवरच्या पॉडकडे जाताना मूळ पत्ता बदलला जातो. एक्स्टर्नल-ट्रॅफिक-पॉलिसी 'लोकल' केली की मूळ पत्ता टिकतो, पण मग ज्या मशीनवर कंट्रोलरचा पॉड नाही तिथे आलेली वाहतूक टाकून दिली जाते. म्हणून कंट्रोलर डीमनसेट म्हणून सगळीकडे असलेला बरा.

पहिलीपायरी

धागा वर काढतोय. सगळं सुरळीत होतं, पण नवी आवृत्ती चढवली की मध्येच काही विनंत्यांना ५०२ येतो. दहा-वीस सेकंद, मग शांत. दोन प्रती आहेत, रोलिंग अपडेट आहे, प्रोब आता खरी आहे. मग का?

रात्रपाळी

पॉड हटवायचा ठरला की दोन गोष्टी एकाच वेळी सुरू होतात. क्युबलेट कंटेनर थांबवायला सिगटर्म ('आवरा आता' असा सिग्नल) पाठवतो, आणि दुसरीकडे एंडपॉइंटस्लाइसमधून तो पॉड निघतो, ती बातमी इनग्रेसच्या कंट्रोलरपर्यंत जाते, तो आपली यादी बदलतो. या दोघांत कोणी कोणासाठी थांबत नाही. ॲपने सिगटर्म ऐकून लगेच गाशा गुंडाळला आणि बातमी अजून वाटेत असेल, तर मधल्या काळातल्या विनंत्या बंद दारावर आपटतात.

उपाय दिसायला विनोदी आहे: प्रीस्टॉप हुकमध्ये नुसतं झोपायचं. दहा सेकंद स्लीप. तेवढ्या वेळात यादीतून नाव निघतं, ॲप तोवर येतील त्या विनंत्या घेत राहतं, मग सिगटर्म येतो. लक्षात ठेवा, टर्मिनेशन ग्रेस पीरियडची मुदत, मुळात ३० सेकंद, प्रीस्टॉपसकट मोजली जाते. दहा झोपण्यात गेली तर ॲपला आवराआवर करायला वीसच उरतात.

शेवटचाबाक

आणि ॲपला सिगटर्म मिळतो तरी का, ते बघा. इमेज एनपीएम स्टार्टने किंवा शेलमार्फत सुरू होत असेल तर पीआयडी १ वर (कंटेनरमधल्या पहिल्या प्रोसेसच्या जागी) ते बसतं आणि सिग्नल आत पोचेलच असं नाही. मग ३० सेकंद वाट बघून सरळ सिगकिल, म्हणजे जबरदस्तीने बंद, चालू विनंत्यांसकट. डॉकरफाइलमध्ये नोडलाच थेट बोलवा, चौकटी कंसवाल्या पद्धतीने. (कंसमामांना आवडेल.)

पहिलीपायरी

शेलमार्फतच होतं. दोन्ही बदल केले. चढवतानाचे ५०२ गेले. पण आता बारकाईने लॉग बघतोय तर एरवीसुद्धा तुरळक ५०२ आहेत, आणि गंमत म्हणजे सगळे पोस्टचे (माहिती पाठवणाऱ्या विनंत्यांचे). गेटचा (नुसतं मागणाऱ्या विनंतीचा) एकही नाही.

उंबरठा

हे ओळखीचं दुखणं आहे. कंट्रोलर पॉडशी उघडलेल्या जोडण्या पुन्हा वापरण्यासाठी ६० सेकंद राखून ठेवतो. नोडजेएसच्या बऱ्याच आवृत्त्यांत सर्व्हरचा कीप-अलाइव्ह टाइमआउट मात्र ५ सेकंद. म्हणजे नोड जोडणी बंद करतोय त्याच क्षणी एनजिनएक्स तिच्यावरून नवी विनंती पाठवतो, आणि तोंडावर पडतो.

गेटचं असं झालं की एनजिनएक्स गुपचूप दुसऱ्या पॉडला विचारतो, तुम्हाला पत्ताही लागत नाही. पोस्ट पाठवून झालेली असेल तर ती पुन्हा पाठवणं धोक्याचं (ऑर्डर दोनदा नोंदली गेली तर?), म्हणून तो हात वर करतो आणि ५०२ देतो. ॲपमध्ये कीप-अलाइव्ह टाइमआउट ६० च्या वर न्या, ६५ ठेवा. पुढच्याने राखलेल्या वेळेपेक्षा मागच्याचा वेळ जास्त हवा.

कंसमामा

जियो. हे मी कित्येक महिने 'नेटवर्कचा प्रॉब्लेम' म्हणून ऐकत आलोय.

गेटवेप्रेमी

तुम्ही सगळे बुडत्या जहाजावर पडदे लावताय! इनग्रेस-एनजिनएक्स निवृत्त होतोय हे नोव्हेंबर २०२५ मध्ये जाहीर झालंय. मार्च २०२६ पर्यंत जमेल तशी देखभाल, नंतर काही नाही. धागाकर्त्याच्या तिसऱ्या सहकाऱ्याचं बरोबर होतं.

रात्रपाळी

अर्धं बरोबर. निवृत्त होतोय तो एक कंट्रोलर. इनग्रेस हा एपीआय कुबरनेटिस १.१९ मध्ये स्थिर झाला आणि तो आहे तिथेच आहे. फक्त गोठवलाय, म्हणजे नवीन सोयी त्यात येणार नाहीत. इनग्रेस समजणारे दुसरे कंट्रोलर आहेत. एफ५ चा एनजिनएक्स कंट्रोलर हाही वेगळा प्रकल्प, नावावरून घाबरून तो काढू नका.

गेटवेप्रेमी

बरं, पण जुना कंट्रोलर चालतोय म्हणून ठेवायचा नाही, एवढं तरी मान्य? मार्च २०२५ चं सीव्हीई-२०२५-१९७४ (सुरक्षेतल्या त्या भोकाचा क्रमांक) आठवा. पॉडच्या नेटवर्कमध्ये शिरकाव असलेल्या कोणालाही, ओळखपत्र न देता, कंट्रोलरमध्ये स्वतःचा कोड चालवता येत होता, आणि कंट्रोलरला बहुतेक ठिकाणी सगळ्या नेमस्पेसमधली सीक्रेट्स वाचता येतात. तेव्हा दुरुस्ती आली. पुढच्या वेळी येणार नाही.

रात्रपाळी

हे शंभर टक्के मान्य.

पहिलीपायरी

म्हणजे हलवायचंच. मग दुसरा इनग्रेस कंट्रोलर की थेट गेटवे एपीआय?

उंबरठा

तुमचं ॲनोटेशनांवर (यामलमध्ये कंट्रोलरसाठी लिहिलेल्या जादा सूचनांवर) किती अडलंय त्यावर ठरवा. साधे होस्ट आणि पाथ असतील तर दुसरा कंट्रोलर चढवून इनग्रेसक्लासनेम बदललं की बहुतेक भागतं. रीराइट, बॉडीचा आकार, टाइमआउट हे सगळं ॲनोटेशनात कोंबलेलं असेल तर ते कंट्रोलरागणिक बदलतं आणि तसंही नव्याने लिहावं लागतं. मग एकदाच काय ते कष्ट गेटवेसाठी करा. ऑक्टोबर २०२३ पासून १.० आहे, आता कोणी त्याला कोवळा म्हणू नये. एन्व्हॉय गेटवे, इस्टिओ, सिलियम, निवडायला आहेत. इनग्रेस२गेटवे नावाचं साधन जुन्या यामलचं भाषांतर करून देतं, पण आलेलं डोळ्याखालून घाला.

मला त्यातलं आवडलेलं म्हणजे वाटणी. गेटवे, म्हणजे पोर्ट आणि टीएलएस, क्लस्टर सांभाळणाऱ्यांच्या ताब्यात. एचटीटीपीरूट, म्हणजे कुठली विनंती कुठल्या सर्व्हिसला, ॲपवाल्यांच्या ताब्यात. आणि नव्या आवृत्तीला दहा टक्के वाहतूक द्यायची तर रूटमध्ये वजनं लिहायची, ९० आणि १०, संपलं. त्यासाठी वेगळा कॅनरी इनग्रेस उभा करा, त्याला ॲनोटेशन लावा, ही कसरत गेली.

दोनस्पेस

यामल मात्र वाढलं. आधी एक फाइल होती, आता तीन.

पहिलीपायरी

एन्व्हॉय गेटवे बाजूला चढवला, जुनं तसंच चालू ठेवलंय. गेटवे एका नेमस्पेसमध्ये, ॲप आणि त्याचा एचटीटीपीरूट दुसऱ्या. ॲप्लाय करताना एक चकार शब्द तक्रार नाही, पण गेटवेवर विचारलं की ४०४. होस्टचं नाव तपासलं, बरोबर आहे.

गेटवेप्रेमी

रूटचं स्टेटस वाचा, खाली 'पेरेंट्स'मध्ये. ॲक्सेप्टेड समोर फॉल्स आणि कारण 'नॉट अलाउड बाय लिसनर्स' असेल बघा.

पहिलीपायरी

शब्दशः तेच आहे.

गेटवेप्रेमी

गेटवेचा लिसनर (त्यातला ऐकणारा पोर्ट) मुळात फक्त स्वतःच्या नेमस्पेसमधले रूट घेतो. लिसनरमध्ये अलाउडरूट्स, त्यात नेमस्पेसेस, त्यात फ्रॉम: सिलेक्टर लिहा आणि ॲपच्या नेमस्पेसला ते लेबल लावा. 'ऑल' लिहूनही चालेल, पण मग क्लस्टरमधलं कोणीही तुमच्या होस्टच्या नावावर रूट टाकू शकेल. गेटवेमध्ये चुकलेलं बरंचसं ॲप्लायच्या वेळी कळत नाही, स्टेटसमध्ये कळतं. तिथे बघायची सवय लावून घ्या.

पहिलीपायरी

सिलेक्टर लावला. ॲक्सेप्टेड ट्रू, रिझॉल्व्ह्ड रेफ्सही ट्रू, पान उघडलं. डीएनएस अजून जुन्यावरच आहे. तोवर कर्ल --रिझॉल्व्हने नव्या आयपीवर एकेक पाथ तपासतोय. मोठी फाइल चढवतानाच काय तो फरक दिसला: जुन्यावर १ एमबीच्या वर ४१३ यायचा म्हणून ॲनोटेशन लावलं होतं, इथे काही न लावता गेली.

उंबरठा

ती एनजिनएक्सची मूळ मर्यादा होती. इथे नाही म्हणून खूश होऊ नका, ॲपमध्ये स्वतःची मर्यादा घाला, नाहीतर कोणीतरी दोन जीबीची फाइल ढकलेल.

निशाचरी

इथेच विचारू का, आमचं जीआरपीसी (सर्व्हिसनी एकमेकींना हाक मारायची एक पद्धत) आहे आणि पाच पॉडपैकी एकच राबतो, बाकीचे बसून असतात. मध्ये इनग्रेस वगैरे नाही, एक सर्व्हिस दुसरीला क्लस्टरआयपीवरून हाक मारते.

रात्रपाळी

क्लस्टरआयपी जोडणीगणिक वाटतो, विनंतीगणिक नाही. जीआरपीसी एकच एचटीटीपी/२ जोडणी उघडून तिच्यावरूनच सगळं पाठवतं, मग पहिल्यांदा जो पॉड मिळाला तोच शेवटपर्यंत राबतो. हेडलेस सर्व्हिस (स्वतःचा आयपी नसलेली, थेट पॉडचे आयपी देणारी) आणि क्लायंटकडे राउंड रॉबिन (पाळीपाळीने वाटणं) हा एक मार्ग. बाकीच्यासाठी वेगळा धागा काढा, इथे धागाकर्त्याचा डीएनएस अजून फिरायचाय.